तुरीचा वांझ रोग आणि संशोधनाची चिकाटी

पिकावरील रोग म्हटला की करपलेली पाने आणि वाळलेले रान डोळ्यांसमोर उभे राहते. तुरीवरील वांझ रोगाची रीत याहून निराळी व अधिक फसवी आहे. रोगट झाड मरत नाही. ते झुडपासारखे दाट वाढते, आणि शेजारची निरोगी झाडे पक्व होऊन वाळू लागली तरी हिरवेच राहते. मात्र त्याला फूल धरत नाही, शेंग लागत नाही. वर्षभराची मशागत, बी-बियाणे व मजुरी पदरची घालून शेतकऱ्याच्या हाती उरतात त्या केवळ तुराट्या.

या रोगाची नोंद प्रथम १९३१ साली बिहारमधील पुसा येथे झाली. तो डोळ्यांना न दिसणाऱ्या कोळी जातीच्या किडीमार्फत पसरतो, हे कळावयास आणखी तीन दशके लागली. आणि त्यामागील विषाणूची निश्चित ओळख पटली ती थेट २००० च्या सुमारास, हैदराबादजवळच्या पाटणचेरू येथील आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेत. म्हणजे एका रोगाचे कारण शोधण्यात सुमारे सत्तर वर्षे गेली. परंतु तोवर शास्त्रज्ञ हात बांधून बसले नव्हते. रोगट पान निरोगी रोपाच्या पानाला टाचून रोगाची लागण घडवावी आणि जे रोप तगेल ते निवडावे, ही साधी पद्धत डॉ. यशवंत नेने व डॉ. एम. व्ही. रेड्डी यांनी १९७६ साली मांडली. तिच्यामुळे रोगप्रतिकारक झाडे हुडकण्याचे काम सुकर झाले.

या कामात मराठवाड्याचा वाटा मोलाचा आहे. छत्रपती संभाजीनगरहून जालन्याकडे जाताना चाळीसेक किलोमीटरवर बदनापूर लागते. परभणीच्या कृषी विद्यापीठाचे तेथील केंद्र कडधान्यांवर संशोधन करते. मर व वांझ या दोन्ही रोगांना दाद न देणारा ‘बीएसएमआर ७३६’ हा तुरीचा वाण तेथलाच. त्याच्या नावातले पहिले अक्षर बदनापूरचे आहे. पुढे आलेला ‘बीडीएन ७११’ हा वाण लवकर पक्व होतो. परतीच्या पावसाने पाठ फिरविली की हलक्या जमिनीतील तूर ऐन दाणा भरण्याच्या वेळी होरपळते. अशा कोरडवाहू प्रदेशात पीक दोन-तीन आठवडे आधी हाती येणे याचे मोल शेतकऱ्यालाच ठाऊक. शिवाय हे सरळ वाण असल्यामुळे नीट निगा राखली तर घरचे बियाणे काही हंगाम वापरता येते. दरवर्षी दुकानाची पायरी चढावी लागत नाही.

येथे एक प्रश्न विचारला जातो. विद्यापीठांत प्रबंधांचे ढीग पडतात, त्यांचा बांधावर उपयोग काय? या टीकेत तथ्य नाही असे कोणी म्हणणार नाही. परंतु त्यावरचा उपाय संशोधन आखडते घेणे हा खचित नव्हे. वांझ रोगाचा विषाणू सर्वत्र एकसारखा नाही. एका भागात टिकलेला वाण दुसरीकडे बळी पडू शकतो. म्हणून मराठवाड्याची तूर मराठवाड्याच्याच मातीत पारखली पाहिजे, आणि ती पारख दरसाल चालू राहिली पाहिजे. तयार वाण ही कायमची मिळकत नव्हे. ती राखावी लागते.

कृषी विद्यापीठांतील रिक्त पदांकडे या दृष्टीने पाहिले पाहिजे. एक पैदासकार निवृत्त झाला आणि त्याची जागा काही वर्षे भरली नाही, तर केवळ वेतन वाचत नाही. दहा-बारा पिढ्यांची निवड वाया जाण्याचा धोका असतो. तसेच १९५८ साली स्थापन झालेल्या या शहरातील विद्यापीठातही वनस्पतिशास्त्र व प्राणिशास्त्राचे विभाग आहेत. विषाणू, कोळी व त्यांचे यजमान झाड यांचा अभ्यास हा त्यांचाच विषय. संशोधनाचा विषय निवडणाऱ्या विद्यार्थ्याने अवघ्या चाळीस किलोमीटरवरील शिवाराकडे पाहिले, तर प्रबंध व बांध यांतील अंतर पुष्कळसे मिटेल.

शासनाला वर्षाच्या अंदाजपत्रकात फळ हवे असते. विज्ञान आपल्या गतीने चालते. फुलावाचून हिरवेगार दिसणारे झाड जसे शेतकऱ्याला फसविते, तशीच माणसांवाचून उभी असलेली संशोधन केंद्रे समाजाला फसवितात. इमारती व फलक जागच्या जागी राहतील; शेंग मात्र धरणार नाही.