तारेतलं संभाषण

प्रयोगशाळेतल्या एका संगणकावरून शेजारच्याला 'पिंग' करा आणि तारेतली पॅकेट दाखवणारं वायरशार्क उघडून बघा. दोघांची आधी ओळख नसेल, तर पहिली ओळ पिंगची नसतेच! एआरपीचं पॅकेट सगळ्यांना विचारतं : १९२.१६८.१.७ कोणाकडे आहे? ज्याचा तो पत्ता, तोच आपला ४८ बिटांचा मॅक पत्ता कळवतो.

जेराल्ड कोम्ब्स यांनी १९९८ मध्ये आणलेलं वायरशार्क हे मोफत सॉफ्टवेअर आधी 'इथरियल' होतं. २००६ मध्ये नाव बदललं.

खरी गंमत फाइल पाठवताना. इथरनेटच्या एका फ्रेममध्ये सहसा १५०० बाइट्सच मावतात. म्हणजे एक मेगाबाइटच्या फाइलचे सुमारे सातशे तुकडे. टीसीपी प्रत्येक बाइटचा हिशेब ठेवतो. एखादा तुकडा हरवला, की घेणारा पुन्हापुन्हा तीच पोच पाठवतो. अशा तीन जादा पोचा आल्या की पाठवणारा मुकाट तो तुकडा परत धाडतो. वायरशार्क या ओळी काळ्या रंगात दाखवतो. पाठवणाऱ्याच संगणकावर पकडलेली काही पॅकेट मात्र १५०० हून मोठी दिसतात. घाबरू नका, तुकडे पाडायचं काम पुढे नेटवर्क कार्ड करतं.

टेलनेटने लॉगिन केलंत तर पासवर्ड अक्षर न् अक्षर वाचता येतो. एसएसएचमध्ये नुसता गिचमिड काला. हा प्रयोग एकदा प्रत्येक विद्यार्थ्याला दाखवावाच.

तिसऱ्या संगणकावरून ऐकायला गेलात, तर बहुधा हाती काही लागणार नाही. स्विच ज्याचं त्यालाच देतो. ऐकायचंच असेल, तर त्याच्यावर पोर्ट मिररिंग, म्हणजे एका पोर्टवरच्या पॅकेटची नक्कल दुसऱ्यावर पाठवणं, चालू करावं लागतं.