नवजात बाळाच्या रक्तवाहिन्यांची अदलाबदल (टीजीए): शस्त्रक्रियेला उशीर का चालत नाही?

जन्मानंतर बाळाचे तळहात-तळवे थोडे निळसर दिसतात, त्यात घाबरण्यासारखे काही नाही. पण जीभ आणि ओठ निळे दिसले, तर "शेकवल्यावर ठीक होईल" म्हणून थांबू नका. सावळ्या बाळात हा निळेपणा उशिरा लक्षात येतो. त्यामुळे २४ तासांनंतर उजवा हात व पाय यांना पल्स ऑक्सिमीटर लावून पाहायला सांगा. ऑक्सिजन ९५ टक्क्यांपेक्षा कमी असेल तर पुन्हा तपासणी आणि गरजेप्रमाणे हृदयाची टू-डी इको हवी.

टीजीए हा दुर्मिळ दोष आहे. यात महाधमनी उजव्या कप्प्यातून आणि फुप्फुसाची धमनी डाव्या कप्प्यातून निघते. अशुद्ध रक्त शरीरातच फिरत राहते, शुद्ध रक्त फुप्फुसातच. दोन्ही रक्ते मिसळतात ती हृदयातील छिद्र आणि डक्टस नावाच्या छोट्या वाहिनीमुळे, आणि ही वाहिनी काही दिवसांत आपोआप बंद होते. नातेवाईक विचारतात, "भोक बुजवायचं ना, डॉक्टर?" इथे उलट आहे, ते भोकच बाळाला जगवते.

म्हणून आधी प्रोस्टाग्लँडिनची ड्रिप देऊन डक्टस उघडी ठेवतात. गरज पडल्यास फुग्याने छिद्र मोठे करतात. मग 'आर्टेरियल स्विच' शस्त्रक्रियेत दोन्ही वाहिन्या कापून योग्य जागी जोडतात, हृदयाला रक्त देणाऱ्या बारीक कोरोनरीही हलवतात. ब्राझीलचे डॉ. अदिब जातेने यांनी १९७५ मध्ये ती प्रथम यशस्वी केली. शक्यतो पहिल्या दोन-तीन आठवड्यांत ती व्हावी, कारण डाव्या कप्प्याला फक्त फुप्फुसात रक्त ढकलायचे असल्याने त्याचे स्नायू लवकर दुबळे होतात. अनुभवी केंद्रात बहुतेक बाळे वाचतात.

रत्नागिरीहून मुंबई तीनशे किलोमीटरहून दूर. परळचे वाडिया रुग्णालय किंवा मुलांच्या हृदयावर मोफत शस्त्रक्रिया करणारे खारघरचे सत्य साई संजीवनी केंद्र, जिथे न्यायचे तिथे डॉक्टरांकरवी आधी फोन करून खाट पक्की करा. खासगी गाडीने नेऊ नका. ड्रिपमुळे बाळाचा श्वास थांबू शकतो, म्हणून सोबत प्रशिक्षित माणूस आणि श्वासाची सोय असलेली रुग्णवाहिकाच हवी.

रेशनकार्ड, आई-वडिलांचे आधार आणि जन्माची नोंद सोबत घ्या. महात्मा फुले जनआरोग्य योजनेबद्दल रुग्णालयातील आरोग्यमित्राला विचारा. कागद अपुरे म्हणून निघायचे थांबू नका. गरोदरपणी १८ ते २० आठवड्यांच्या सोनोग्राफीत दोष दिसला, तर बाळंतपणच हृदयशस्त्रक्रियेची सोय असलेल्या शहरात ठरवा.