आरोग्यविमा : वगळलेल्या बाबी आणि न्यायालयांचे निर्णय

रुग्ण बरा होऊन घरी जाण्याच्या सुमारास विमा कंपनीने दावा नाकारल्याचे पत्र यावे आणि कुटुंबावर कर्ज काढण्याची वेळ यावी, असे प्रसंग रुग्णालयांना नवे नाहीत. नकाराची कारणे बहुधा दोनच असतात: पूर्वीचा आजार दडविला, किंवा हा उपचार पॉलिसीतून वगळलेला आहे. या दोन्हींबाबत न्यायालयांनी काय म्हटले आहे, हे विमाधारकांनी जाणून घेणे हिताचे आहे.

विम्याचा करार परमविश्वासावर आधारलेला असतो. प्रस्तावपत्रातील प्रश्नांना खरी उत्तरे देणे हे विमाधारकाचे कर्तव्य आहे. मूत्रपिंडाचा जुना विकार न सांगता मेडिक्लेम पॉलिसी घेतल्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये कंपनीचा नकार योग्य ठरविला. विमा द्यावा की नाही या निर्णयावर परिणाम करणारी कोणतीही बाब महत्त्वाचीच होय, असे त्या निकालाचे सार आहे.

परंतु हे कर्तव्य एकतर्फी नाही. 2021 मध्ये निकाली निघालेल्या प्रकरणात प्रवाशाने परदेशप्रवासाचा विमा घेताना मधुमेह असल्याचे सांगितले होते. अमेरिकेत त्याला हृदयविकाराचा झटका आला, तेव्हा कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांची माहिती दिली नव्हती, असे कारण देऊन कंपनीने दावा नाकारला. सर्वोच्च न्यायालयाने विमाधारकाच्या बाजूने निर्णय दिला. प्रकृतीची माहिती घेऊन, जोखीम तोलून पॉलिसी दिल्यावर, सांगितलेल्याच आजाराचे निमित्त पुढे करता येत नाही. माहिती दडविल्याचा आरोप सिद्ध करण्याचा भार कंपनीवर असतो, हेही न्यायालयाने 2024 मध्ये स्पष्ट केले.

वगळलेल्या बाबींचा अर्थ संकुचितपणे लावावा आणि संदिग्ध शब्दांचा लाभ विमाधारकास द्यावा, हे तत्त्व प्रस्थापित आहे. 2022 च्या एका निकालात तर मूळ कराराचा हेतूच नष्ट करणाऱ्या अटीवर कंपनीला विसंबता येणार नाही, असे म्हटले आहे. ते प्रकरण दुकानाच्या अग्निविम्याचे होते. तत्त्व मात्र व्यापक आहे. मानसिक आजारांसाठी शारीरिक आजारांप्रमाणेच विमा उपलब्ध करावा, असे मानसिक आरोग्यसेवा कायदा, 2017 चे कलम 21 सांगते.

नियमांतही बदल झाले आहेत. पूर्वीच्या आजारांसाठीचा प्रतीक्षाकाळ 2024 पासून जास्तीत जास्त 36 महिने आहे. सलग 60 महिने विमा चालू राहिल्यावर, सिद्ध झालेली फसवणूक वगळता, माहिती न दिल्याच्या कारणावरून दावा नाकारता येत नाही. म्हणून नूतनीकरणात खंड पडू देऊ नये.

येथे रुग्णालयाचा संबंध येतो. दाखल होताना नातेवाईक घाईघाईत सांगतात, ‘दहा वर्षांपासून रक्तदाब आहे.’ केसपेपरवरील ती नोंदच पुढे पुरावा ठरते. आजार लपविणे उपचारांसाठी घातक आहे. पण कालावधी नक्की ठाऊक नसेल तर अंदाजाने आकडा सांगू नये. नोंद चुकली असल्यास डॉक्टरांच्या लगेच निदर्शनास आणावे.

दावा नाकारल्यास लेखी कारण मागावे आणि प्रथम कंपनीच्या तक्रार निवारण विभागाकडे अर्ज करावा. महिन्याभरात समाधान न झाल्यास विमा लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते. मुंबई व पुणे येथे ही कार्यालये आहेत. ग्राहक आयोगाचा मार्गही खुला आहे. डिस्चार्ज कार्ड, बिले, तपासणी अहवाल आणि प्रस्तावपत्राची प्रत जपून ठेवावी. न्याय मागताना हीच कागदपत्रे उपयोगी पडतात.