थंडीतली लांबची दौड : गैरसमज आणि वस्तुस्थिती

एका दिवसात १६० किलोमीटरपर्यंतची मजल मारायला लावणारी ‘एंड्युरन्स’ ही घोडेस्वारीची स्पर्धा टप्प्याटप्प्याने होते. प्रत्येक टप्प्याअखेर पशुवैद्य घोडा तपासतात. ठरलेल्या वेळेत नाडी साधारणतः मिनिटाला ६४ ठोक्यांवर उतरली आणि दुडकी चालवल्यावर घोडा लंगडला नाही, तरच त्याला पुढे सोडतात. तपासणीनंतर सक्तीची विश्रांती असते. थंडीत घोडा गारठण्याचा खरा धोका याच विश्रांतीत असतो. पण काळजी मात्र भलत्याच ठिकाणी घेतली जाते.

गैरसमज : आपल्याला हुडहुडी भरली म्हणजे घोड्यालाही भरली असणार.

वस्तुस्थिती : हिवाळी केस दाट आलेला, कोरड्या अंगाचा आणि पोटभर खाल्लेला घोडा शून्याखालच्या थंडीतही आरामात राहतो. उन्हाळी, आखूड केसांच्या घोड्याला मात्र ५ अंशांच्या आसपासच जादा ऊब लागू लागते. खानदेशातल्या सारंगखेड्याच्या यात्रेत दिसणाऱ्या मारवाडी-काठेवाडी घोड्यांचे केस बारीक असतात. तिथल्या डिसेंबरच्या पहाटे त्यांना वाऱ्याचा आडोसा आणि झूल हवीच. पाय गार लागले म्हणून मात्र घाबरू नये. गुडघ्याखाली स्नायू जवळपास नसतातच, त्यामुळे पाय गार लागणं साहजिक आहे.

गैरसमज : दौडून आलेल्या घोड्यावर आधी जाड झूल टाकावी.

वस्तुस्थिती : धावताना खर्च होणाऱ्या ऊर्जेचा तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग उष्णता होऊन बाहेर पडतो. त्यामुळे टप्पा संपवून आलेला घोडा आतून तापलेला असतो. तो लगेच जाड, पाणीरोधक झुलीखाली कोंडला, तर नाडी उतरत नाही आणि घामही सुकत नाही. मग तोच घाम गार होऊन त्याला गारठवतो. जाणकार मोतद्दार म्हणून अंगाचे दोन भाग करतो. मान आणि छातीवर गरजेपुरतं पाणी मारायचं आणि निपटून काढायचं. पुठ्ठ्यांवर पाणी नाही, तिथे लोकरीची किंवा फ्लीसची हलकी झूल. पुठ्ठ्याचे मोठे स्नायू एकदम गार पडले, तर आखडतात आणि तपासणीत चाल बिघडते. पुठ्ठे दगडासारखे कडक झाले, घोडा पाऊल उचलेना आणि लघवी कॉफीच्या रंगाची दिसली, तर तिथेच थांबून डॉक्टर गाठावा.

झुलीचा अंदाज वरून येत नाही. तिच्याखाली खांद्यापाशी हात घालून पाहा. केसांच्या मुळाशी ओल लागली तर झूल बदला. केस कोरडे आणि अंग कोमट असेल तर ठीक.

गैरसमज : थंडीत पाणी कमी प्यायलं तरी चालतं.

वस्तुस्थिती : थंडीतही घोडा घामातून पाणी आणि क्षार गमावतोच, पण गारढोण पाण्याला तो तोंड लावत नाही. पाणी कमी पडलं की आतड्यात चारा कोरडा पडून पोटशूळ उठतो. कोमट पाणी दिलं की तो जास्त पितो. वैरण भिजवून दिली, तर तेवढंच पाणी आणखी पोटात जातं.

गैरसमज : चंदी वाढवली की अंगात ऊब येते.

वस्तुस्थिती : मोठ्या आतड्यात तंतुमय चारा आंबताना जी उष्णता तयार होते, ती दाण्यापेक्षा जास्त आणि दीर्घकाळ टिकणारी असते. थंडीच्या रात्री तोबरा जड करण्यापेक्षा समोर सुकं गवत भरपूर असावं. दाणा एकदम वाढवला, तर पोट बिघडण्याची भीती वेगळीच.

गैरसमज : स्वाराने जितकं जाड घालावं तितकं बरं.

वस्तुस्थिती : सुती बनियन घामाने भिजलं की अंगाला चिकटून राहतं आणि वरचं जाड जाकीट असूनही गारठवतं. अंगालगत पातळ लोकरी किंवा घाम शोषून बाहेर टाकणारं कापड, त्यावर उबदार थर, वर वारा अडवणारं जाकीट, अशी रचना सोयीची. ऊन चढलं की एकेक थर उतरवता येतो. बुटात दोन मोजे कोंबले की रक्त नीट फिरत नाही आणि रिकिबीतली बोटं आणखी बधिर होतात. त्यापेक्षा थोडं उतरून घोड्याबरोबर चालावं. वाटेत तशी मुभा असते, स्वाराचे पाय गरम होतात आणि घोड्याच्या पाठीलाही उसंत मिळते.

गैरसमज : घोटभर दारूने थंडी पळते.

वस्तुस्थिती : दारूने कातडीतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात. वरून गरम वाटतं, पण आतली उष्णता झपाट्याने बाहेर जाते. थर्मासमध्ये गरम सूप किंवा गोड चहा न्यावा.