पाऊस, गांडुळं आणि नवलकोल

टर्मिनलच्या काळ्या स्क्रीनवर निव्वळ अक्षरांतून मेन्यू, तक्ते आणि चौकटी उभ्या करून देणाऱ्या लायब्रऱ्यांना आता पंचेचाळीस वर्षं झाली. त्यांचा इतिहास सांगताना लायब्ररीचं नाव, कर्त्याचं नाव आणि साल एवढं सांगून लोक मोकळे होतात. मला मात्र या लायब्रऱ्यांसोबत येणाऱ्या एका फोल्डरचा मागोवा घ्यायचा आहे. कुठे त्याचं नाव 'टेस्ट' असतं, कुठे 'डेमो', बहुतेक ठिकाणी 'एक्झाम्पल्स'. त्यात छोटे-मोठे प्रोग्रॅम असतात आणि कुणाचंही रोजचं काम त्यांच्यावाचून अडत नाही. पण ही विद्या एका पिढीकडून पुढच्या पिढीकडे गेली ती याच प्रोग्रॅमांच्या जोरावर, असं माझं ठाम मत आहे. मॅन्युअल लोक नंतर उघडतात, अडल्यावर. सुरुवात होते ती कुणीतरी लिहिलेलं उदाहरण चालवून, त्यातली एक ओळ बदलून आणि पुन्हा चालवून.

पहिली पानं कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठातली आहेत. 1970च्या दशकाच्या अखेरीस प्रत्येक कंपनीच्या टर्मिनलची तऱ्हा वेगळी होती. कर्सर वर न्यायचा तर एकाला एक संकेत पाठवायचा, दुसऱ्याला भलताच. बिल जॉय यांनी व्हीआय हा एडिटर लिहिताना या सगळ्या तऱ्हा टर्मकॅप नावाच्या एका फाइलीत नोंदवल्या. केन आर्नोल्ड यांनी व्हीआयमधला कर्सर हलवण्याचा भाग वेगळा काढून 1980च्या सुमारास त्याची स्वतंत्र लायब्ररी केली, ती कर्सेस. तिचं कसब आकड्यांत चटकन कळतं. 24 ओळी आणि 80 रकाने म्हणजे 1,920 अक्षरं. 300 बॉडच्या मोडेमवरून सेकंदाला जेमतेम 30 अक्षरं जायची, म्हणजे पूर्ण स्क्रीन नव्याने लिहायला एका मिनिटाहून जास्त वेळ. कर्सेस आधीची स्क्रीन लक्षात ठेवायची, नवी कशी हवी ते बघायची आणि फरक असेल तेवढीच अक्षरं पाठवायची.

हे कसब कागदावर समजावणं कठीण, डोळ्यांना दाखवणं सोपं. मायकेल टॉय आणि ग्लेन विचमन यांचा 'रोग' हा खेळ त्याच सुमारास आला आणि कर्सेसचं पहिलं मोठं प्रात्यक्षिक तोच ठरला. पण मला जास्त मोलाचे वाटतात ते दोन चिमुकले प्रोग्रॅम, 'रेन' आणि 'वर्म'. कॅलटेकच्या हाय एनर्जी फिजिक्स विभागातल्या एरिक स्कॉट यांनी 1980मध्ये लिहिलेले हे प्रोग्रॅम पुढे लिनक्सवाल्यांच्या एनकर्सेस या लायब्ररीच्या टेस्ट फोल्डरमध्ये आले आणि आजही तिथे आहेत.

'रेन' चालवलं की स्क्रीनवर पाऊस पडू लागतो. तळ्याच्या पाण्यावर वरून पाहताना दिसतो तसा. एका जागी पूर्णविराम उमटतो. त्याच जागी पुढच्या क्षणी छोटा 'ओ' येतो, मग मोठा 'ओ', मग आडव्या-उभ्या रेघांचं छोटं वलय, मग तिरक्या रेघा घेऊन पसरलेलं मोठं वलय, आणि शेवटी सगळं पुसलं जातं. तोवर दुसरीकडे नवा थेंब पडलेला असतो. कोड उघडून पाहिला तर प्रोग्रॅमने लक्षात ठेवलेल्या जागा फक्त पाच. दर फेरीला सर्वांत जुना थेंब पुसायचा, बाकीच्यांना एकेक पायरी पुढे सरकवायचं आणि नव्या थेंबाला जागा शोधायची. कर्सर कुठेही नेता येणं, थोडंच लिहिणं, थोडंच पुसणं, योग्य क्षणी स्क्रीन ताजी करणं, हे सगळं त्यात येऊन जातं. नवख्या माणसाला आजही मी हाच प्रोग्रॅम वाचायला सांगेन.

'वर्म'ची कहाणी आणखी बोलकी आहे. स्क्रीनभर वळवळणारी ही गांडुळं मुळात निव्वळ गंमत होती. 1995च्या जानेवारीत एरिक रेमंड यांनी त्यात फेरफार केले आणि कर्सरच्या हालचाली तपासण्याचं साधन म्हणून तो प्रोग्रॅम वापरात आणला. फाइलीच्या माथ्यावर तशी नोंदच आहे. पुढे एकाच वेळी अनेक थ्रेड स्क्रीनवर लिहू लागले तर काय होतं, हे तपासायलाही तीच गांडुळं कामी आली.

त्याच काळात डॉसच्या जगात चित्र वेगळं होतं. बोरलँड कंपनीने 1990मध्ये टर्बो पास्कल 6 सोबत टर्बो व्हिजन दिलं. त्याच्या डेमोत वर मेन्यू, खाली स्टेटसची ओळ, सावली पडणाऱ्या विंडो, कॅलेंडर, कॅल्क्युलेटर, आस्की तक्ता आणि सरकवायच्या ठोकळ्यांचं कोडं होतं. एकाच प्रोग्रॅममध्ये सगळी दुकानं मांडलेली. दिसायला देखणा, पण शिकणाऱ्याला कुठून हात घालावा ते कळू नये असा. दर्शनी मोठा डेमो आणि शिकवणारं छोटं उदाहरण या दोन वाटा तिथूनच वेगळ्या झाल्या.

महाराष्ट्रातल्या इंजिनिअरिंग आणि बीसीएस-बीसीएच्या कितीतरी तुकड्यांनी याच बोरलँडच्या टर्बो सी++ची निळी स्क्रीन लॅबमध्ये पाहिली आहे. नागपूरच्या यशवंत कानेटकरांचं 'लेट अस सी' हाताशी असायचं आणि प्रॅक्टिकलच्या जर्नलमधला प्रत्येक प्रोग्रॅम 'क्लिअरस्क्रीन'ने सुरू होऊन 'गेटसीएच'ने संपायचा. पाहिलेल्या उदाहरणात तसं होतं म्हणून सगळ्यांनी तसंच लिहिलं. शेवटचा 'गेटसीएच' काढला तर उत्तर दिसायच्या आत स्क्रीन परत एडिटरवर जाते, म्हणून तो तिथे आहे, हे फार थोड्यांना कुणी सांगितलं असेल. लिनक्सवर आल्यावर या फंक्शनांची हेडर फाइल सापडत नाही, तेव्हा शोधाशोध करताना कळतं की 'गेटसीएच' नावाचं फंक्शन कर्सेसमध्येही आहे, मात्र आधी स्क्रीन सुरू करावी लागते आणि शेवटी बंद करावी लागते. उदाहरणातून सवय लागते, कारण मात्र त्यात लिहिलेलं नसतं. ही उणीव पुढेही दिसत राहते.

लिनक्सवाल्यांची लायब्ररी म्हणजे एनकर्सेस. पावेल कर्टिस यांच्या जुन्या पीकर्सेसपासून ती निघाली, 1993मध्ये त्या नावाने बाहेर आली, आणि 1990च्या दशकाच्या उत्तरार्धापासून थॉमस डिकी तिची देखभाल करत आहेत. इतकी वर्षं एका माणसाने एक लायब्ररी सांभाळावी, हे या क्षेत्रात दुर्मीळ आहे आणि त्याबद्दल आपण सगळ्यांनी कृतज्ञ असायला हवं. तिचा उदाहरणांचा संग्रह इतका वाढला की त्याचं वेगळं पॅकेज करावं लागलं. त्यात बुद्धिबळाच्या घोड्याचा फेरा आहे, घड्याळं आहेत, नाताळचं शोभेचं दृश्य आहे. हनोईचे मनोरेही आहेत, आणि ते लिहिणाऱ्याने माथ्यावर सांगून ठेवलंय की आपलं अमिगा संगणकावरचं कर्सेस पॅकेज दाखवणं एवढाच यामागचा हेतू. मुख्य चाचणी-प्रोग्रॅममध्ये 'ए' दाबलं की कीबोर्ड आणि माउस तपासता येतात, 'बी' दाबलं की ठळक-अधोरेखित अक्षरं, 'सी' दाबलं की रंग. आपल्या टर्मिनलला काय जमतं आणि काय नाही, हे सांगणारी इतकी कसोशीची तपासणी दुसरीकडे मला आढळली नाही.

पण चाचणीसाठी लिहिलेला प्रोग्रॅम वाचायला सोपा असतोच असं नाही. ती कमतरता प्रदीप पडाला यांनी भरून काढली. 2005पर्यंत सुधारत नेलेल्या त्यांच्या एनकर्सेस हाउटूमध्ये पहिलं उदाहरण दोन शब्द दाखवून एका कळीची वाट पाहतं आणि संपतं. पुढे रंग, विंडो, पॅनल, मेन्यू, फॉर्म, प्रत्येकासाठी वेगळी फाइल. शेवटी 'जस्ट फॉर फन' नावाचा भाग, त्यात आठ वजिरांचं कोडं, जादूचे चौरस, टायपिंगचा सराव. क्रम लावून लिहिलेली उदाहरणं किती दूर जातात, याचा हा दाखला आहे. इंटरनेटवर पुढे कित्येकांनी दिलेल्या कर्सेसच्या धड्यांत पडालांच्या फाइलींची छाया स्पष्ट दिसते.

मधली काही वर्षं सगळ्यांचं लक्ष वेब आणि मोबाइलकडे होतं. तो काळ मी इथे ओलांडतो.

2016च्या सुमारास रस्ट भाषेत टीयूआय-आरएस ही लायब्ररी आली. तिच्या डेमोत सर्व्हर सांभाळणाऱ्या माणसाचा डॅशबोर्ड होता. प्रगतीच्या पट्ट्या, लाटांचा आलेख, नोंदींची सरकती यादी, आणि ब्रेलच्या ठिपक्यांतून काढलेला जगाचा नकाशा, त्यावर न्यूयॉर्क, पॅरिस, साओ पाउलो आणि सिंगापूर. आकडे सगळे लटके, पण लोकांना वाटलं, टर्मिनलमध्ये हेही होतं? मूळ लेखकाला वेळ मिळेना तेव्हा 2023मध्ये स्वयंसेवकांनी तीच लायब्ररी रॅटाटुई या नावाने पुढे चालवायला घेतली. त्यांनी उदाहरणांवर जी मेहनत घेतली ती पाहून मन भरून येतं. प्रत्येक विजेटला आपलं उदाहरण, प्रत्येकाचं हलतं चित्र, आणि तेही चार्म कंपनीच्या व्हीएचएस या साधनाने स्क्रिप्टमधून तयार केलेलं, म्हणजे कोड बदलला की चित्रही नव्याने काढता येतं.

त्यातलं 'पॅनिक' नावाचं उदाहरण सगळ्यांनी चालवून पाहावं. टर्मिनलचा प्रोग्रॅम सुरू होताना कीबोर्डची नेहमीची वागणूक बंद करतो आणि पडद्यामागच्या दुसऱ्या स्क्रीनवर जातो. मध्येच कोसळला तर हे पूर्ववत करायला कुणी उरत नाही. मग टाइप केलेलं दिसत नाही, ओळी जिन्यासारख्या उजवीकडे उतरत जातात, आणि चूक कुठे झाली तो संदेशही हरवतो. आंधळेपणाने 'रिसेट' टाइप करून एंटर दाबावं लागतं. हे उदाहरण तेच घडवून दाखवतं, आणि कोसळण्याआधी टर्मिनल जागेवर आणणारा हूक कसा लावायचा तेही दाखवतं. तो तुकडा जो तो आपल्या प्रोग्रॅममध्ये उतरवू लागला. अखेर 2024मध्ये रॅटाटुईने सुरुवातीच्या एका फंक्शनमध्येच ही व्यवस्था करून टाकली. जे उदाहरण सगळ्यांना नकलावं लागतं, ते लायब्ररीत काय कमी आहे हेच सांगत असतं, आणि इथे ते ऐकलं गेलं. मजकूर टाइप करायची साधी पेटी मात्र रॅटाटुईत अजून नाही. त्यासाठी 'यूजर इनपुट' या उदाहरणातून कोड उचलावा लागतो किंवा दुसऱ्यांनी लिहिलेलं पॅकेज घ्यावं लागतं.

गो भाषेतल्या बबल टीने 2020मध्ये वेगळा सूर लावला. तिचं शिकवणीचं उदाहरण म्हणजे बाजाराची यादी. बाजारातून काय आणायचं, असा प्रश्न वर, आणि खाली तीन ओळी: गाजर, सेलरी आणि नवलकोल. बाण दाबून वर-खाली जायचं, स्पेस दाबून खूण करायची. एवढ्यात तिची सगळी मांडणी समजते. यादी कुठे आहे, कर्सर कुठे आहे, काय निवडलंय, ही झाली स्थिती; कळ दाबली की स्थिती कशी बदलते हे एका फंक्शनात; आणि स्थितीवरून स्क्रीनवर काय लिहायचं हे दुसऱ्या फंक्शनात. मोठमोठे प्रोग्रॅम याच तीन भागांवर उभे राहिले. तिच्या दुसऱ्या एका उदाहरणात आवडत्या वस्तूंची यादी आहे, त्यात कारल्यापुढे लिहिलंय की ते शरीराला थंडावा देतं. लिहिणाऱ्याने उदाहरण मनापासून लिहिलं की ते असं जिवंत होतं.

पायथॉनमध्ये विल मॅकगुगन यांनी 2021मध्ये टेक्श्चुअल सुरू केली. तिच्या शिकवणीत स्टॉपवॉच बांधायचं असतं, आणि प्रत्येक टप्प्याची वेगळी, चालणारी फाइल दिलेली आहे. टप्पा कळला नाही तर मागची फाइल चालवून फरक पाहता येतो. त्यामागची कंपनी 2025मध्ये बंद झाली, लायब्ररी मात्र सुरू आहे.

सध्याची एक अडचण सांगायलाच हवी. उदाहरणं लायब्ररीच्या ताज्या, अजून प्रसिद्ध न झालेल्या कोडवर लिहिली जातात. आपण घेतलेली आवृत्ती जुनी असते आणि उदाहरण कंपाइलच होत नाही. रॅटाटुईने फोल्डरच्या दारातच तशी सूचना लावली आहे. नवख्याने आपल्या आवृत्तीचा टॅग निवडून तिथलीच उदाहरणं पाहावीत, म्हणजे निम्मा त्रास वाचतो.

आणि आता आपल्या लिपीबद्दल. या लायब्रऱ्या स्क्रीनला चौकोनी घरांचा कागद समजतात. देवनागरी त्या घरांत मावत नाही. 'क्ष' म्हणजे संगणकाच्या लेखी क, हलन्त आणि ष. मोजणीत दोन घरं, दिसताना बहुधा एक अक्षर. ऱ्हस्व वेलांटी उच्चारात नंतर, दिसते आधी, आणि तिला एक घर द्यायचं की शून्य, यावर वेगवेगळ्या लायब्रऱ्यांचं एकमत नाही. टर्मिनल एक धरतं, लायब्ररी दुसरं, आणि तक्त्याची उजवी कड वाकडी होते. जपानी अक्षरं आणि इमोजी या उदाहरणांत हौसेने येतात, कारण ती लिहिणाऱ्यांना त्यांची गरज पडली. आपली गरज आपणच मांडायला हवी.

ज्यांना गो, रस्ट किंवा पायथॉन येतं त्यांनी एक छोटा प्रोग्रॅम लिहावा. एका चौकटीत गावांची यादी: त्र्यंबकेश्वर, कऱ्हाड, श्रीगोंदा, हिंगोली, चिपळूण. शेजारी पिनकोडचा रकाना. आपल्या टर्मिनलवर उजवी रेघ कुठे तुटते ते पाहावं, स्क्रीनचं चित्र घ्यावं आणि तो प्रोग्रॅम त्या लायब्ररीच्या उदाहरणांच्या फोल्डरसाठी पाठवून द्यावा. पन्नास ओळी पुरतील.