हाडांसाठी सत्तूर
सत्तूर हाड तोडतो तो धारेपेक्षा वजनाच्या जोरावर. स्वयंपाकाच्या सुरीचे पातळ पाते हाडावर आपटले की धार वळते, नाहीतर तिचे कपचे उडतात. हाडासाठी पात्याची पाठ साधारण 4 ते 6 मिलिमीटर जाड हवी. घरगुती कामाला 600 ते 900 ग्रॅम वजन पुरते. खाटकाचा सत्तूर याहून जड असतो आणि त्यामागे सरावलेला हात असतो. घरी त्याची नक्कल करू नये.

धार वस्तऱ्यासारखी नको. दोन्ही बाजू मिळून 40 ते 50 अंशांचा बोथटसर कोन हाडावर टिकतो. दुकानात मिळणारे चिनी पद्धतीचे रुंद पाते सत्तुरासारखेच दिसते, पण त्यातले बरेचसे भाजीसाठी असतात. घेताना पाते हातात तोलून पाठीची जाडी बघावी.

पुण्यात अशा हत्यारांसाठी रविवार पेठेतली बोहरी आळी ओळखीची आहे. घिसाडी कारागीरही सत्तूर घडवून देतात. त्यासाठी ट्रकचे जुने कमानपाटे वापरण्याची पद्धत आहे. हे पोलाद चिवट असते, आणि हाडाच्या कामात कडकपणापेक्षा चिवटपणा महत्त्वाचा. पाणी देताना फार कडक झालेले पाते ठोक्यासरशी तडकू शकते. पात्याचे पोलाद मुठीच्या शेवटपर्यंत गेलेले असावे आणि रिवेट घट्ट असावेत. मूठ जराही हलत असेल तर तो सत्तूर घेऊ नये, किंमत कितीही कमी असो.

ओट्याच्या ग्रॅनाइटवर घाव घालणे म्हणजे पाते आणि ओटा दोन्हींचे नुकसान. चिंचेचा जाड ओंडका उत्तम. तो जमिनीवर ओल्या पोत्यावर ठेवला की सरकत नाही. मुलांना दूर ठेवावे, डोळ्यांवर चष्मा असावा, हात आणि मूठ कोरडी असावी. हात खांद्यावर उचलण्याची गरज नसते. कोपरातून हालचाल करून पात्याचे वजन सरळ खाली पडू द्यावे. दुसरा हात ओंडक्यावर नकोच. नवख्याने पाते हाडावर टेकवून पाठीवर लाकडी हातोडीने ठोकावे, लोखंडी हातोडीने नव्हे. रुतलेले पाते पिळून काढू नये.

मुळात सत्तूर कमीत कमी चालवावा. सांधे सुरीने सुटतात. बरगड्या आणि मणके यांना सत्तूर योग्य. नळी मात्र फुटून अणकुचीदार कपचे रश्श्यात जातात, म्हणून ती खाटकाकडूनच तुकडे करून आणावी. गोठलेल्या मटणावर घाव घालू नये, पाते घसरते.

काम झाल्यावर पाते आणि ओंडका गरम पाण्याने व साबणाने धुवावेत; कच्च्या मटणाचा ओंडका भाजीला वापरू नये. साध्या पोलादाचे पाते लगेच पुसून त्यावर खोबरेल तेलाचा हात फिरवावा.

9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पात्याची हत्यारे शस्त्र कायदा, 1959 च्या कक्षेत येतात. घरगुती कामासाठी बनवलेली त्यातून वगळली आहेत. मात्र कोयत्याच्या गुन्ह्यांमुळे पुण्यात अशा वस्तूंवर पोलिसांची नजर असते, आणि ही सूट रस्त्यात उघडे पाते मिरवण्यासाठी नाही. नवा सत्तूर जाड पुठ्ठ्यात गुंडाळून, पावतीसह थेट घरी न्यावा.