रानाची पाळी रात्रीची

(नभोवाणीवरील भाषणावरून)

पोलादपूरहून आंबेनळी घाट चढू लागलं की वळणावर माकडं भेटतात. गाड्या थांबतात, वेफर्सच्या पुड्या फुटतात, फोटो निघतात. घरी गेल्यावर आपण सांगतो, जंगलात प्राणी भरपूर आहेत हो! पण रस्त्यावर आलेल्या माकडांवरून रानाचा हिशेब लागत नाही. माकड माणसाकडे आलं, भेकर मात्र बाजूला झालं. आणि ते मुळात दिसतच नसल्यामुळे गेलेलंही कळलं नाही.

भेकर म्हणजे शेळीएवढं, तांबूस रंगाचं, एकेकटं राहणारं हरीण. धोका वाटला की चक्क कुत्र्यासारखं भुंकतं. आता ते बाजूला झालं म्हणजे गेलं कुठे? ढवळ्याच्या घाटानं आर्थर सीटकडे चढलेल्यांना तिथली रचना ठाऊक असेल. वर उभा कडा, खाली वाडी आणि भातखाचरं, मध्ये रानाचा पट्टा. पायवाटही त्यातूनच जाते. सरकायला जागा नसली की जनावर वेळ बदलतं.

हे जगभर घडतं आहे. २०१८ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात ६२ जातींच्या सस्तन प्राण्यांवरील अभ्यासांचा एकत्रित आढावा आला. निम्मा वावर दिवसा, निम्मा रात्री असलेल्या प्राण्याचा रात्रीचा वावर माणसाच्या शेजारात ६८ टक्क्यांपर्यंत जातो, असं त्यात दिसलं. गंमत म्हणजे, बंदूक घेऊन आलेला माणूस आणि नुसता फिरायला आलेला माणूस यांत प्राण्यांनी फारसा फरक केला नव्हता.

म्हणून कुणी डोंगरात जाऊच नये का? तसं नाही. रायगडाच्या पायऱ्यांवर कितीही गर्दी झाली तरी ती ठरलेल्या वाटेनं, बहुतेक उजेडीच जाते. अशा गर्दीचा अंदाज जनावराला बांधता येतो. वाट सोडून झाडीत शिरणारे चौघे त्याला जास्त जड जातात. त्यातून बिस्किटांच्या आशेनं वाडीवरचं कुत्रं मागे लागलेलं असतं. आपल्याला ती सोबत वाटते. भेकराच्या दृष्टीनं तो शिकारीच.

खरी अडचण आहे ती रात्रीची. दिवस आपल्याला देऊन जनावरांनी रात्र घेतली, आणि आता रात्रीचे ट्रेक, तंबू, विजेऱ्या, स्पीकर तिथेही पोचले. पावसाळ्यात इथे धो धो पाणी कोसळतं, पण कातळाच्या उतारावर ते टिकत नाही. मार्च-एप्रिलपर्यंत ओढे आटतात. एखादा डोह, एखादं टाकं उरतं. तंबू नेमका तिथेच पडतो, कारण स्वयंपाकाला पाणी जवळ हवं! मग पाण्यावर येणारं भेकर झाडीतच थांबतं. आपण झोपेपर्यंत थांबतं, कधी तहानलेलंच परत जातं. हंडाभर पाणी भरून तंबू दोनतीनशे पावलं दूर ठोकला, तरी त्याची वाट मोकळी होते.

तेव्हा डोहाकाठी मुक्काम असताना रात्री भुंकणं ऐकू आलं, तर ते वाडीवरचंच कुत्रं असेल असं समजू नका.